तिसऱ्या फिल्मच्या कडा

दादा, तुमच्या मरणाचं कारण लोकांनी डॉक्टरच्या आधीच ठरवून टाकलं. अंत्ययात्रेत माझ्या पुढं फाउंड्रीतले दोघं चालले होते. एक म्हणाला, "साळव्याला मशीननं खाल्लं राव. सहा वर्षं लावली, पन खाल्लं." मला असा राग आला की तिथंच त्याची कॉलर धरावी. डॉक्टरांना मी स्वतः विचारून आलो होतो. हृदयविकार. तुमचे वडीलही ह्याच वयात असेच बसल्या जागी गेले होते. सहा वर्षांपूर्वीच्या त्या वीस-पंचवीस सेकंदांचा याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि तुम्हीच शिकवलेल्या गणितानं मलाही तेच कळत होतं. तुम्ही असता तर मागं वळून विचारलं असतं, "पुरावा काय?" स्वतःच्या अंत्ययात्रेतही तुम्ही वाद घातला असता आणि जिंकलाही असता.

मला लिहायची सवय आहे ती रिपोर्टाची. कास्टिंग नंबर अमुक, आत पोकळी, नापास. त्यामुळं हे नीट जमेल असं नाही. पण आज रविवार आहे, बायको माहेरी गेली आहे, आणि तुम्ही जाऊन दहा दिवस झाले. आणखी उशीर केला तर मी पुन्हा गप्प बसेन, आणि गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही हे आता मला पुरतं कळून चुकलंय.

मी पुनावळ्याचा, आयटीआय झालेला, हातात फाइल धरता येते एवढ्याच भांडवलावर कंपनीत लागलेला. तुम्ही मराठवाड्यातून आलेले, फिजिक्स घेऊन बीएस्सी, मुंबईला जाऊन रेडिओग्राफी शिकलेले. पिंपरीला आजूबाजूला अजून ज्वारी उभी असायची तेव्हापासून तुम्ही त्या शेडमध्ये होता. आपल्या कारखान्यात पंपांची मोठी ओतीव घरं व्हायची. ती आतून पोकळ किंवा चिरलेली नाहीत ना, हे बघायला गामा किरणांनी त्यांचे फोटो काढायचे, हे आपलं काम. खातं तिघांचं. तुम्ही प्रमुख, मी मदतनीस, आणि जड वस्तू हलवायला क्रेनवाले गफूरभाई.

पहिल्याच दिवशी तुम्ही मला डार्करूममध्ये नेलं. लाल दिव्यात ट्रेमधली फिल्म हळूहळू काळी व्हायला लागली. तुम्ही विचारलं, "हे काळं कशानं झालं?"

"किरणांनी जळलं," मी म्हणालो.

"जळायला आग लागते. माणूस मारायला पुरतील एवढे किरण पेलाभर पाण्यात सोडले तर ते पाणी कोमटसुद्धा होणार नाही."

मग तुम्ही मला ते सांगितलं, जे पुढं मी तुमच्याच शब्दांत किती पोरांना सांगितलं असेल. किरण अणूत शिरतो आणि एखाद्या इलेक्ट्रॉनला जागेवरून हुसकून लावतो. हुसकलेला तो इलेक्ट्रॉन वाटेतल्या आणखी शंभरांना धक्के मारत सुटतो. फिल्मवर चांदीच्या क्षाराचे बारीक कण असतात. तिथं असे इलेक्ट्रॉन अडकले की चांदीचे चार-दोन अणू सुटे होतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण ट्रेमधल्या रसायनाला, डेव्हलपरला, तेवढी खूण पुरते. तो त्या खुणेपासून सुरुवात करतो आणि सगळा कण काळा करून टाकतो.

"आणि माणसात?" मी विचारलं.

"माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. पाण्याचा रेणू तुटला की त्याचे दोन तुकडे होतात, आणि दोन्ही हावरट. शेजारी जो सापडेल त्याच्या ताटात हात घालतात. बहुतेक वेळा ते एकमेकांनाच सापडतात आणि पुन्हा पाणी होतं. कधीकधी पेशीतलं एखादं कामाचं माणूस सापडतं."

"मग?"

"मग म्हणून लांब राहायचं."

हे मी घरी आईला सांगितलं. आई चुलीपुढून म्हणाली, "आरं, पर दिसत न्हाई म्हनतोस, वास न्हाई, चटका न्हाई. मग लांब ऱ्हायचं त्ये कळायचं कसं?" दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही एवढे खूश झालात. "तुझ्या आईला कामाला घ्यायला पाहिजे. आमच्या साहेबाला हा प्रश्न पडायला दोन वर्षं लागली," म्हणालात, आणि मला मीटर कसं वाचायचं ते त्याच सकाळी शिकवलं.

कॅन्टीनमधलं आपलं टेबल आठवतं? आपण बसलो की शेजारचे उठायचे. एक्स-रेवाल्यांच्या अंगाला ते लागलेलं असतं, त्यांचा पेला घेऊ नये, अशी समजूत. मला फार लागायचं ते. गावात आमच्या घराला मान, आणि इथं माझा पेला वेगळा. तुम्ही भाकरी मोडत शांतपणे म्हणालात, "निवृत्ती, तुला हे नवीन आहे. मला नाही. आमच्या गावात आमच्या सावलीचंही असंच होतं. फरक एवढाच, इथं तपासायला निदान मीटर आहे." मी मान खाली घातली. आमच्या पुनावळ्यातही तेच होतं आणि आमच्याच घरात होतं, हे तुम्ही बोलला नाहीत. बोलायची गरज नव्हती.

मग तुम्ही तो कांद्याचा उद्योग केला. चाकणच्या बाजारातून डझनभर कांदे आणले. सहा फडताळात ठेवले आणि उरलेले सहा, फोटो काढताना, किरण जिथून निघतात त्या नळीच्या टोकाशी बांधत राहिलात, चांगले आठवडाभर. पावसाळा संपेपर्यंत फडताळातल्या कांद्यांना हिरवे कोंब फुटले. बांधलेल्यांना एकालाही नाही. तुम्ही त्यातला एक कांदा भर कॅन्टीनमध्ये आणला, त्याच्यावर मीटर धरलं, काटा हलला नाही हे चार टेबलांना दाखवलं आणि उभा चिरलात. "हे बघा, मधला हा गाभा वाढायचा असतो. तिथल्या पेशींची घडी मोडली, म्हणून कोंब नाही. किरण आले, मोडतोड करून गेले. आत राहिले नाहीत. दिवा विझवल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहतो का?" सगळे बघत राहिले. गफूरभाईंनी हात पुढं केला, "आण राव इकडं. मीठ दे." अर्धा त्यांनी खाल्ला, अर्धा तुम्ही. त्यानंतर आपल्या टेबलावर माणसं बसायला लागली. सगळी नाहीत, पण लागली.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो तिच्याकडं येतो.

आणीबाणीचं वर्ष. दसऱ्याच्या आठवडाभर आधीची दुपार. मला राजगुरुनगरला मुलगी बघायला जायचं होतं आणि मामा कासारवाडीच्या फाट्यावर एसटीसाठी थांबणार होते. एकच फोटो उरला होता. किरण सोडणारी इरिडियमची गोळी शिशाच्या जड भांड्यात असते. हँडल फिरवलं की ती तारेच्या टोकाला लागून नळीतून बाहेर जाते, उलटं फिरवलं की परत येते. ती गेली. परत मात्र आली नाही. हँडल अडकलं. मी जोर लावायला लागलो तर तुम्ही माझा हात धरला. "जोर नको. तार तुटेल."

मीटरचा काटा खाली येईना. तुम्ही सगळ्यांना बाहेर काढलं, कुणी आत येऊ नये म्हणून दोर बांधला, गफूरभाईंना दारात उभं केलं. मी रडकुंडीला आलो होतो. तुम्ही मात्र दुसरी एक रिकामी नळी घेऊन अंगणात बसलात आणि लांब दांड्याच्या चिमट्यानं ती सरळ करायची तालीम केलीत. एकदा, दोनदा, पाचदा. हातातलं घड्याळ मला दिलंत. "मोठ्यानं सेकंद म्हण." मी म्हणालो, "दादा, मी जातो." तुम्ही म्हणालात, "तुला मुलगी बघायची आहे ना? माझी बघून झाली." आणि आत गेलात. मी तेविसाव्या सेकंदाला होतो तेव्हा तुम्ही बाहेर आलात आणि हँडल फिरवलंत. काटा खाली आला.

नळी एका ठिकाणी चेपलेली होती. आदल्या दिवशी तिच्यावरून ट्रॉली गेली होती. काम सुरू करण्याआधी सगळी नळी हातानं चाचपून बघायची, हा तुमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. तुम्ही ती चेपलेली जागा अंगठ्यानं दाबून पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणालात, "जा, मामा थांबले असतील." साहेबांना तुम्ही त्याच संध्याकाळी तोंडी सांगितलं. ते म्हणाले, फिल्म येऊ दे, मग बघू.

ती फिल्म म्हणजे छातीवरच्या बॅजमधली. बोटभर फिल्म, तिच्यापुढं तांब्या-शिशाच्या छोट्या चकत्या. महिना संपला की मुंबईला जाते आणि किती काळी झाली त्यावरून माणसाला किती किरण लागले ते कळतं. आणि त्याच महिन्यात मी दुसरा पराक्रम केला.

खंडेनवमीला खात्याखात्यात हत्यारांची पूजा. तुम्ही दरवर्षीप्रमाणं रजा घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. मी मशीन पुसलं, मीटर मांडलं, चिमटे मांडले, आणि मला वाटलं, बॅज हेही आपलं हत्यारच की. झेंडूच्या हारात माझा आणि गफूरभाईंचा बॅज ओवला आणि हार शिशाच्या भांड्याला घातला. तुमचा मात्र मुद्दाम लांब ऑफिसातल्या खुंटीवरच ठेवला. तुम्ही पूजा मानत नाही, तुमच्या वस्तूला विचारल्याशिवाय हळदकुंकू लावू नये, एवढी अक्कल मला होती. नेमकी नको तेवढीच होती. शिशातूनही थोडे किरण झिरपतात हे मला तोंडपाठ होतं. पण देवाच्या कामात ते आठवलं नाही. नवमी, दसरा आणि रविवार, तीन दिवस हार तसाच राहिला. तुम्ही परत यायच्या आत मी बॅज पुसून जागेवर लावले.

महिन्याभरानं पत्र आलं. तिन्ही फिल्म काळ्या, तिघांचंही काम थांबवा, खुलासा पाठवा. राजगुरुनगरला बातमी माझ्याआधी पोचली. मुलीच्या वडिलांनी मामांना विचारलं, "पोराला त्ये काय लागलंय म्हनत्यात. उद्या लेकरंबाळं व्हतील का न्हाई?" सुपारी फुटायची होती ती थांबली. आई तर त्या मशीनला रोज शिव्या द्यायला लागली.

तुम्ही माझ्या बॅजच्या क्लिपमध्ये अडकलेली हळद नखानं काढून पाहिलीत. "खंडेनवमीला हे कुठं होते?"

गफूरभाईंनीच सांगून टाकलं, "मशीनला हार नव्हता का घातला? त्यातच ओवले निवृत्तीनं. मी म्हटलं, चांगलं दिसतंय."

मला वाटलं, आता जोडे बसणार. तुम्ही चक्क हसलात. इतके हसलात की डोळ्यांत पाणी आलं. मग कागद घेऊन मला समजावलंत. अंगावरचा बॅज माणसाबरोबर हलतो, वाकतो, वळतो. किरण कधी समोरून, कधी बाजूनं येतात. म्हणून चकत्यांच्या सावल्यांच्या कडा पुसट होतात, फोटो काढताना पोर हललं की होतं तसं. पण बॅज एका जागी तीन दिवस पडून राहिला तर कडा सुरीनं कापल्यासारख्या येतात. "त्यांना लिहितो, फिल्म काढून कडा बघा. तुझ्या आणि गफूरच्या कडा धारदार असणार. तुम्ही दोघं सुटलात. लग्नाची तयारी कर."

मी लगेच म्हणालो, "मग तिन्ही बॅज हारात होते असं लिहा. कोण बघतंय?"

"तिथं एक माणूस बसलाय. दिवसभर तो तेवढंच बघतो."

"नाही बघणार तो. पूजेचं कारण वाचून हसेल आणि फाइल बंद करेल. कडांचं काही लिहूच नका."

"मग तुमच्या दोघांचं शाबीत कशानं होणार?"

"दादा, तुमचं काम जाईल!"

"माझी फिल्म हारात नव्हती," तुम्ही म्हणालात. "मी आत गेलो होतो. ते माझ्या अंगावर झालंय, त्याची नोंद त्या फिल्मवर आहे. आज मी ती पूजेत ढकलली, तर उद्या तुझ्यासारख्या एखाद्याला खरोखर लागेल आणि कंपनी म्हणेल, पूजेतलं असेल. ती पळवाट मी करून देऊ?"

साहेबांचंही म्हणणं माझ्यासारखंच होतं. त्यांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. तुम्ही बाहेर आलात तेव्हा चेहरा लाल झाला होता, पण पत्र तुमच्याच मनासारखं गेलं. ते टपालात टाकायला मीच नेलं आणि वाटेत वाचलं. "नळी तपासण्याची जबाबदारी खातेप्रमुख म्हणून माझी होती," एवढं एक वाक्य होतं. माझं नाव कुठंच नव्हतं. दादा, मला खोटं लिहायचं नाही. मला तेव्हा बरं वाटलं. मी पाकीट डिंकानं बंद केलं आणि पेटीत टाकलं.

उत्तर आलं ते तुम्ही सांगितलं होतं तसंच. दोन फिल्मच्या कडा धारदार, तिसरीच्या पुसट. माझं लग्न झालं. तुम्हाला किरणांच्या कामातून काढून स्टोअरला टाकलं. किरणांपासून लांब ठेवायची मुदत संपल्यावर परत घेता आलं असतं, पण साहेबांना तुमची केबिनमधली भाषा लक्षात होती. तुमच्या खुर्चीवर मी बसलो.

आपला वाद काही मिटला नाही. मी दरवर्षी म्हणायचो, कुणीही पाहिलं नसतं. तुम्ही म्हणायचा, "म्हणजे न बघणाऱ्यांच्या भरवशावर मी फिल्म वाचायला शिकलो का?" मला अजूनही वाटतं की कुणी पाहिलं नसतं. पण फिल्म अडली की मी कागदात गुंडाळून स्टोअरच्या खिडकीशी तुमच्याकडं आणायचो, आणि तुम्ही नटबोल्टच्या खोक्यांमध्ये उभे राहून ती उजेडाकडं धरायचा. "ही चीर नाही. धातू थंड होताना आकसलाय. पास कर." एकदाही तुमचं चुकलं नाही. एकदाही म्हणाला नाहीत की आता हे तुझं काम, तू बघ. ज्या माणसाच्या जागेवर मी बसलो होतो तोच मला त्या जागेला लायक करत होता, आणि माझ्या मनात दर वेळी एकच वाक्य ओठापर्यंत येऊन परत जायचं. महिन्या-दोन महिन्यांनी मी तुमच्या घरी यायचो. इकडचं तिकडचं बोलायचो. उठायचो.

परवा तुमच्या चाळीसमोर मांडवात पुण्यानुमोदन झालं. भन्तेजींनी वंदना घेतली. मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलला. चाळीतला एक जण म्हणाला की साळवेसाहेबांचा बळी त्या मशीननं घेतला. मी ताडकन उठलो. म्हणालो, नाही. हृदयविकार आहे, वडिलांकडून आलेला. ज्यानं आयुष्यभर पुराव्याशिवाय शब्द काढला नाही त्याच्याबद्दल मेल्यावर अफवा पसरवू नका. लोक ऐकत होते. तिथं थांबता आलं असतं, पण पुराव्याचं बोलून झाल्यावर थांबता येईना. मी म्हणालो, "त्यांना किरण लागले ते खरं आहे. ती नळी तपासायचं काम माझं होतं. मी घाईत होतो, तपासली नाही. ते माझ्या चुकीसाठी आत गेले, त्यांनी ती स्वतःच्या नावावर घेतली, आणि मी त्यांची खुर्ची घेतली." गफूरभाईंनी मला हाताला धरून खाली बसवलं.

सगळे पांगल्यावर वहिनींच्या पाया पडायला आत गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, मला माहीत होतं."

"दादांनी सांगितलं?"

"त्यांनी न्हाई सांगितलं. पण तुम्ही आलात की ते मला लगेच आत पाठवायचे. म्हणायचे, चहा जरा सावकाश कर, आज तो बोलंल. एकटं बसू दे त्याला माझ्यापाशी." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "सहा वर्षं मी तुमचा चहा सावकाश करत आले, भावजी."

दादा, मांडवातल्या सगळ्यांना सांगून झालं. तुम्हालाच राहिलं. नळी मी तपासली नव्हती.